तळं पाच वर्षांत परत गाळाने भरतं तेव्हा काम कुठून सुरू करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साधारण ६० मीटर लांब, ५० मीटर रुंद तळं आहे. पाच वर्षांपूर्वी मशीन लावून गाळ काढला आणि काठावरच टाकला. तेव्हा पुरुषभर पाणी राहायचं, आता गुडघाभर राहतं. पाणी आणणारा ४०० मीटरचा चर झाडोऱ्याने भरलाय. पुन्हा मशीन आणायचं ठरतंय, तर किती खोल खणावं, कोणतं मशीन लावावं आणि जाता जाता चरही खोल करून घ्यावा का?

तिन्हीची उत्तरं देतो. पण तुम्ही न विचारलेला एक प्रश्न त्याआधी सोडवावा लागेल: हा गाळ आला कुठून? तो सुटला नाही तर आणखी पाच वर्षांनी हेच काम परत करावं लागेल.

थोडं गणित करू. तळ्याचं क्षेत्र ३,००० चौरस मीटर. पाच वर्षांत सरासरी ७० सेंटिमीटर थर साचला असं धरलं तर २,१०० घनमीटर गाळ झाला, म्हणजे वर्षाला ४२० घनमीटर. वरचं पाणलोट क्षेत्र तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून ४० हेक्टर धरतो. मध्यम उताराच्या शेतातून हेक्टरी वर्षाला १० टन माती सुटली, तरी ती सगळी तळ्यात पोचत नाही. बरीचशी बांधाशी, गवतात, खोलगटात अडते. तीस टक्के पोचली असं मानलं तर १२० टन, म्हणजे साचलेल्या गाळाच्या हिशेबात जेमतेम १०० घनमीटर. उरलेले ३२० घनमीटर शेतातून आलेले नाहीत.

मग कुठून आले? दोन संशयित समोरच आहेत. पहिला तुमचा चर. ४०० मीटर लांबीत दोन्ही काठ मीटरभर उंचीचे असतील आणि वर्षाला फक्त १० सेंटिमीटर ढासळत असतील, तर ८० घनमीटर माती सुटते. ६० सेंटिमीटर रुंदीचा तळ एकूण ३० सेंटिमीटर खचला तर आणखी सत्तरेक घनमीटर. दुसरा संशयित काठावर टाकलेला गाळाचा ढीग. ओला गाळ काठावर टाकला की पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत त्याचा मोठा हिस्सा परत तळ्यात उतरतो. वाहतुकीचे पैसे वाचवायला गाळ काठावर टाकणं हा या कामातला सगळ्यात महागडा काटकसरीचा प्रकार आहे.

नेमकं काय झालंय हे तळंच सांगतं. पाणी आटलं की गाळाचा थर कुठे जाड, कुठे पातळ हे पाहा. चर जिथे उतरतो तिथे पंख्यासारखा पसरलेला वाळूमिश्रित उंचवटा असेल तर माल चरातून किंवा वरच्या एखाद्या घळीतून येतोय. काठाकडे जाड आणि मध्ये पातळ असेल तर ढीग किंवा काठ ढासळतोय. सगळीकडे सारखा, काळा, मऊ, कुजका वास येणारा थर असेल तर तो मुख्यतः पालापाचोळा, शेवाळ आणि पाणवनस्पतींचा आहे. त्यावर उपाय वेगळे: काठावरची झाडी छाटणं, सांडपाणी तोडणं, वनस्पती वेळेत बाहेर काढणं. बहुतेक तळ्यांत हे तिन्ही थोडेथोडे सापडतात, पण एक वरचढ असतो.

मोजमाप अंदाजाने करू नका, दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. दोन काठ्या घ्या. एकीच्या खालच्या टोकाला वीतभर व्यासाची पत्र्याची चकती बसवा. ती गाळावर अलगद टेकते आणि गाळाचा माथा दाखवते. दुसरी म्हणजे १२ मिलिमीटरची सळई. ती दाबत न्या, कडक तळाला अडली की थांबा. दोन्ही वाचनांतला फरक म्हणजे त्या जागची गाळाची जाडी. तळ्यावर दोऱ्या ताणून दर १० मीटरवर हे वाचन घ्या. एवढ्या तळ्यात तीसेक जागा होतात. सरासरी काढा, क्षेत्राने गुणा. सळई कधीकधी जुन्या फांदीला किंवा दगडाला अडते. शेजारच्या वाचनांपेक्षा एखादं फारच वेगळं आलं तर हातभर बाजूला परत टोचून पाहा. हा कागद जपून ठेवा, पुढच्या वर्षी त्याच जागांवर त्याच काठ्यांनी मोजायचंय.

आता किती खोल खणायचं. हे तळं कशासाठी आहे यावर ते अवलंबून आहे, आणि इथेच उलटसुलट सल्ले ऐकायला मिळतात. पाणी साठवून वापरायचं तळं आणि पाणी जमिनीत मुरवायचं पाझर तळं यांचे नियम एकमेकांच्या विरुद्ध आहेत. पाझर तळ्यात तळाशी बसलेला बारीक गाळ हाच अडथळा. तो खालच्या मुरमापर्यंत पूर्ण खरवडून काढावा लागतो, नाहीतर पाणी मुरतच नाही. साठवण तळ्यात मात्र तोच चिकण थर पाणी धरून ठेवतो. तिथे ‘मशीन आलंच आहे तर अजून पाच फूट जाऊ’ म्हणून खाली गेलात आणि चिकणमाती फोडून मुरमाला किंवा वाळूला हात लावलात, तर तळं खोल दिसेल पण पाणी धरणार नाही.

तुमचं तळं गळतं की फक्त उथळ झालंय, हे काम सुरू करण्याआधी तपासून घ्या. वरचं झाकण कापलेला एक पिंप घ्या, तळ्यात सावली नसलेल्या जागी दगड घालून उभा करा. वरची वीतभर कड पाण्याबाहेर राहू द्या. पिंपात बाहेरच्या पाण्याएवढंच पाणी भरा. आठवडाभर पाऊस नाही, चर वाहत नाही आणि कोणी पाणी उचलत नाही असे दिवस निवडा. रोज एकाच वेळी दोन्हीकडची पातळी मोजा. पिंपातली घट म्हणजे बाष्पीभवन. उन्हाळ्यात दिवसाला ५ ते १० मिलिमीटर हे नेहमीचं. तळ्यातली घट त्याहून जास्त असेल तर जादा भाग पाझराचा. जादा घट दोन-तीन मिलिमीटर असेल तर तळ उत्तम आहे, त्याला अजिबात छेडू नका. पंधरा-वीस मिलिमीटर असेल तर आहे तोच तळ गळतोय आणि खोदाईने गळती वाढेलच.

खणताना मूळ तळ ओळखायचा कसा? गाळ काळा-राखाडी, मऊ, वास येणारा असतो आणि त्यात पानं-मुळं सापडतात. मूळ जमीन पिवळसर, तपकिरी किंवा ठिपकेदार, घट्ट असते. पहार टाकली की आवाज बदलतो. चार-पाच ठिकाणी हाताने खड्डे घेऊन हा बदल किती खोलीवर येतो ते पाहा. शिवाय त्याखाली चिकणमातीचा थर किती जाड आहे तेही पाहा. निदान ५० सेंटिमीटर असेल तर निर्धास्त काम करता येतं. पातळ असेल तर मूळ तळाच्या १५ सेंटिमीटर वरच थांबा, तेवढा गाळ अस्तर म्हणून राहू द्या. चुकून तळ फुटलाच तर त्या जागी चिकणमाती १५-१५ सेंटिमीटरच्या दोन थरांत टाकून, ओलसर असताना रोलरने किंवा धुमसाने चांगली दाबून घ्या. ओलावा एवढा हवा की मुठीत गोळा व्हावा, पण बोटांना चिखल लागू नये. कोरडी ढेकळं टाकून वर पाणी सोडल्याने काही साधत नाही.

भरावाजवळची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाजवळची गोष्ट निराळी. भरावाच्या आतल्या पायथ्यापासून पाच मीटरपर्यंतची पट्टी खोल करू नका. तिथे फक्त सैल गाळ हलक्या हाताने काढा. पायथा पोखरला की भराव आत घसरतो. बाकीच्या काठांना उभा १, आडवा ३ असा उतार द्या. मशीनवाल्याला उभी कड सोपी पडते, दिसायलाही नीट दिसते. पण पहिल्याच पावसाळ्यात ती कोसळून आत येते, आणि गुरं किंवा मुलं पाण्यात पडली तर वर यायला जागा राहत नाही. साठा वाढवायला सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेवर, दगड किंवा वाळूची पोती रचण्याची हौस तर मुळीच करू नका. सांडव्याची पातळी आणि भरावाचा माथा यांतलं अंतर पुराच्या पाण्यासाठी ठेवलेलं असतं. ते कमी झालं की पाणी भरावावरून वाहतं, आणि मातीचा भराव असा वाहू लागला की काही तासांत फुटतो.

पाणी उपसून काम करणार असाल तर तेही सावकाश. पातळी दिवसाला ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरवू नका. भरावाच्या पोटातलं पाणी तेवढ्या वेगाने बाहेर येत नाही. बाहेरचा आधार गेला आणि आत पाणी राहिलं की आतला उतार सरकतो. दोन-तीन मोठे पंप लावून दोन दिवसांत तळं कोरडं केलं आणि तिसऱ्या दिवशी भरावाला लांब भेग गेली, असं होतं ते यामुळे.

मशीनबद्दल. कोरड्यात काम शक्य असेल तर तेच करा. पाणी गेलं की आधी गाळात मधोमध एक नाली पाडा, ती सगळ्यात खोल जागच्या खड्ड्याकडे न्या आणि तिथून पंपाने उपसत राहा. असा निथरायला दोन ते तीन आठवडे द्या. वर भेगाळलेली पपडी आली म्हणजे गाळ वाळला असं समजू नका. पपडीखाली तो लोण्यासारखा असतो आणि वीस टनांचं पोकलेन त्यात पट्ट्यापर्यंत रुतलं की ते काढण्यातच दिवस जातो. एका बाजूने उताराचा रस्ता करून मशीन कडक तळावर उतरवा आणि समोरचा गाळ कापत पुढे न्या, म्हणजे ते कायम साफ झालेल्या जागेवर उभं राहील. मात्र ओल्या चिकण तळावर ते गोल-गोल फिरवू नका, पट्ट्यांनी तळ उकरला जातो. दात नसलेली, सपाट कडेची बादली मागून घ्या. दातांची बादली तळात रेघा ओढते आणि थर कुठे संपला ते कळू देत नाही. ही एकच गोष्ट ठेकेदाराशी भांडून मिळवा.

तळं कोरडं होतच नसेल तर लांब हाताचं मशीन काठावरून चालतं. त्याची पोच १५ ते १८ मीटर असते, म्हणजे ५० मीटर रुंदीत दोन्ही काठांवरून काम केलं तरी मधली पट्टी उरते. तिसरा मार्ग पंपाने गाळ ओढून काढणं. यात गाळाबरोबर त्याच्या कितीतरी पट पाणी येतं, त्यामुळे ते निथरवायला मोठं आवार किंवा जिओटेक्स्टाइलच्या (पाणी झिरपू देणाऱ्या जाड कापडाच्या) पिशव्या लागतात. तीन हजार चौरस मीटरच्या तळ्याला हा खटाटोप सहसा परवडत नाही. तळ्याला लागून घरं असतील, ट्रॉल्यांना रस्ताच नसेल, तरच याचा विचार करा.

फेऱ्यांचा हिशेब आधी करा, कारण पैसा मशीनपेक्षा वाहतुकीत जास्त जातो. खणलेला गाळ मोकळा होऊन सुमारे २० टक्क्यांनी फुगतो. २,१०० घनमीटरचे २,५०० होतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ३ घनमीटर मावतो असं धरलं तर ८४० फेऱ्या. ओला गाळ घनमीटरला दीड टनाच्या आसपास भरतो, म्हणून ट्रॉली काठोकाठ भरू देऊ नका. रस्त्यावर सांडतो आणि ट्रॉलीचा सांगाडाही वाकतो. मशीन तासाला ४० घनमीटर सहज काढेल, पण समोर रिकामी ट्रॉली उभी असली तरच. जाऊन-येऊन अर्धा तास लागत असेल तर मशीन चालू ठेवायला सहा-सात ट्रॉल्या हव्यात. तीनच आणल्या तर निम्मा वेळ मशीन नुसतं धुरकं सोडत उभं राहील आणि त्याचंही भाडं तुम्हीच द्याल.

गाळ टाकायचा कुठे हे काम सुरू होण्याआधी लिहून ठरलेलं असावं. शेतात टाकणं उत्तम, पण डोळे मिटून नाही. जमीन हलकी, मुरमाड, वाळूसर असेल तर ५ ते ८ सेंटिमीटरचा थर पसरून नांगराने मिसळून घेतल्यास ती पाणी जास्त धरते. आधीच भारी, चोपण, निचरा न होणाऱ्या जमिनीत हाच गाळ नुकसान करतो. ५ सेंटिमीटरच्या थराला हेक्टरी ५०० घनमीटर लागतात, म्हणजे तुमच्या गाळाला चार ते पाच हेक्टर जमीन पाहिजे. आधी बाटलीची परीक्षा करा: पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश गाळ, बाकी पाणी, चिमूटभर धुण्याची पावडर, जोरात हलवून ठेवा. मिनिटभरात तळाशी बसतो तो वाळूचा थर, दोन तासांत त्यावर पोयट्याचा (वाळूहून बारीक, चिकणमातीहून जाड कणांचा), आणि दुसऱ्या दिवसापर्यंतही वर गढूळ राहते ती चिकणमाती. निम्म्याहून जास्त वाळूच निघाली तर शेतकऱ्याने तो नेण्यात अर्थ नाही. प्रयोगशाळेतून सामू (पीएच) आणि क्षारता तपासून घ्या. तळ्यात कारखान्याचं, गॅरेजचं किंवा मोठ्या वस्तीचं पाणी येत असेल तर जड धातूंचीही तपासणी करा. अहवाल येईपर्यंत तो गाळ अन्नधान्याच्या शेतात नको.

काळा, वासाचा गाळ लगेच पेरणीला वापरू नका. पसरून काही आठवडे उन्हा-वाऱ्यात ठेवला की तो तपकिरी होतो, वास जातो, ढेकळं भुसभुशीत होतात. खाडीजवळच्या तळ्यांच्या बाबतीत एक वेगळी खबरदारी: हवा लागल्यावर तिथला गाळ आम्लधर्मी होऊ शकतो, म्हणून महिनाभराने सामू पुन्हा मोजा. पहिल्या चाचणीवर भिस्त ठेवू नका.

आता माझ्या मते या सगळ्यातलं सर्वांत महत्त्वाचं काम. ते तळ्यात नाही, तळ्याच्या तोंडाशी आहे. चर तळ्यात उतरतो तिथे गाळ अडवणारा खड्डा बांधा. वेगाने आलेलं पाणी रुंद खड्ड्यात शिरलं की मंदावतं आणि जड कण खाली बसतात. किती मोठा हवा हे कणांच्या खाली बसण्याच्या वेगावर ठरतं. ०.१ मिलिमीटरचा बारीक वाळूचा कण सेकंदाला सुमारे ८ मिलिमीटर खाली जातो. ०.०२ मिलिमीटरचा पोयट्याचा कण सेकंदाला साधारण ०.३५ मिलिमीटर. चिकणमातीच्या ०.००२ मिलिमीटरच्या कणाला शांत पाण्यातसुद्धा एक मीटर उतरायला तीन दिवसांहून जास्त लागतात. खड्ड्याचं किमान क्षेत्र म्हणजे येणारा प्रवाह भागिले हा वेग. चरातून सेकंदाला २०० लिटर, म्हणजे ०.२ घनमीटर येत असेल, तर बारीक वाळूसाठी ०.२ भागिले ०.००८ म्हणजे २५ चौरस मीटर. पाण्याची खळबळ धरून दुप्पट करा: ५ मीटर रुंद, १० मीटर लांब. पोयट्यासाठी हाच हिशेब ५७० चौरस मीटरवर जातो आणि चिकणमातीचा तर नादच सोडा. ती तळ्यात जाणारच.

जागा असेल तर तळ्याच्या दहाव्या हिश्शाएवढा, म्हणजे ३०० चौरस मीटरचा खड्डा करा. वाळू तर पूर्ण अडेलच, जाड पोयटाही अडेल. खोली सव्वा ते दीड मीटर. तळाला दगड बसवा. पाण्याशी त्याचा संबंध नाही, मशीनची बादली दगडावर खरखरली की इथे थांबायचं हे चालकाला कळावं म्हणून. तळ्याच्या बाजूला दगडांचा बुटका आडवा बांध ठेवा, ज्यावरून पाणी पूर्ण रुंदीत पातळ चादरीसारखं सांडेल. एकाच खाचेतून सांडलं तर पाणी आत आल्या वेगाने थेट बाहेर पडतं आणि गाळ बसतच नाही. मशीन उतरेल असा एका बाजूने रस्ता ठेवा. आणि मध्ये एक खुणा केलेला खांब रोवा. निम्मी खोली भरली की उपसा, मग तो पावसाळ्याचा मध्य का असेना. पूर्ण भरलेला खड्डा काहीच अडवत नाही. उलट मोठ्या पुरात आधी बसलेला गाळही उचलून तळ्यात लोटतो.

चराकडे वळू. ‘चरही खोल करून घ्यावा का’ याचं उत्तर बहुधा नाही. झाडोरा काढा, मूळ तळापर्यंत साचलेलं काढा आणि थांबा. चराचा खालचा भाग खोल केला की वरच्या टोकाला एक पायरी तयार होते. प्रत्येक पुरात ती पायरी खचत-खचत वर सरकते, काठ ढासळवते आणि ती सगळी माती तळ्यात येते. पाच वर्षांपूर्वी मशीनवाल्याने चराच्या तोंडाशी दोन बादल्या जास्त मारल्या असतील तर तुमच्या ३२० घनमीटरांचं बरंचसं उत्तर तिथेच आहे. चरातून चालत वर जा. तळाला गुडघाभर उंचीची उभी पायरी कुठे दिसते का, मुळं उघडी पडून लोंबताहेत का, ते पाहा. दिसली तर आधी तिथे दगडांची भक्कम उतरण करा. वरून पडणारं पाणी दगडांवर आपटून शांत झालं पाहिजे. दगडांखाली जाड कापडी गाळणी किंवा खडीचा थर टाका, नाहीतर पाणी दगडांखालून माती ओढून नेतं आणि दगड खाली बसतात.

मूळ तळ सापडत नसेल तर मोऱ्या पाहा. रस्त्याखालून गेलेल्या पाइपचा आतला तळ सहसा चराच्या मूळ पातळीला बसवलेला असतो. दोन मोऱ्यांच्या तळांमधून पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी घेतली की मधला उतार मिळतो, आणि त्याच उताराने काम करायचं. काम खालच्या टोकापासून वर करा, म्हणजे पाणी निघून जात राहील. वरून सुरुवात केली तर दरवेळी डबक्यात काम करावं लागतं.

नुसती साफसफाई किती फरक पाडते ते आकड्यांत पाहा. तळाची रुंदी ६० सेंटिमीटर, पाण्याची खोली ५० सेंटिमीटर, बाजूंचा उतार उभा १ आडवा दीड, लांबीतला उतार ५०० मीटरला १ मीटर. उघड्या चरातला प्रवाह काढायच्या मॅनिंगच्या सूत्राने स्वच्छ चर सेकंदाला साधारण ४३० लिटर नेतो. दाट झाडोरा असेल तर तोच चर १६० लिटरवर येतो. खोली तीच, रुंदी तीच. स्वच्छ चरात वेग सेकंदाला ०.६४ मीटर येतो. पोयट्याच्या मातीला ही जवळपास वरची मर्यादा आहे. याहून जास्त उतार देऊन वेग वाढवला तर तळ झिजतो. वेग ०.३ मीटरच्या खाली गेला तर गाळ चरातच बसतो आणि गवत माजतं.

झाडोरा काढताना तळातला आणि पाण्याच्या वाटेतला काढा, काठावरचं गवत कापा पण उपटू नका. मुळं हाच काठाचा आधार. शक्यतो एकाच बाजूने काम करा, दुसरा काठ तसाच राहू द्या, आणि बाजू पुढच्या वेळी बदला. निघालेला माल चराच्या कडेला रचू नका. इलाजच नसेल तर कडेपासून दोन मीटर लांब, पातळ पसरून आणि दर पंधरा-वीस मीटरला मोकळी फट ठेवून. फट नसेल तर शेतातलं पाणी ढिगामागे तुंबतं आणि एका ठिकाणी फोडून काठासकट चरात येतं.

जलपर्णी किंवा पाणकणीस असेल तर ते गाळाच्या आधी, फुलावर येण्यापूर्वी काढा. जलपर्णीचं बी चिखलात वर्षानुवर्षं टिकतं, म्हणून ती काढल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही नवी रोपं येत राहतात. ती लहान असताना हाताने वेचणं हाच स्वस्त इलाज. पाणकणीस मात्र सगळं काढू नका. एखाद्या कोपऱ्यात राहू द्या, पक्ष्यांना आणि काठालाही ते लागतं.

मासे असतील तर पाण्यातच गाळ ढवळू नका. काळा गाळ वर आला की तो पाण्यातला प्राणवायू खातो. त्याचं प्रमाण लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली गेलं की मासे पहाटे पृष्ठभागावर तोंड काढतात, २ च्या खाली मरतात. आधी मासे काढून घ्या, किंवा तळं दोन हिश्शांत साफ करा आणि एक खोल डोह शेवटपर्यंत राखून ठेवा. चिखलात कासवं पुरून बसलेली असतात, मशीनपुढे एक माणूस बघत चालला तर ती वाचतात.

सुरक्षिततेचं एवढंच सांगतो, पण ते ऐकाच. तुंबलेल्या मोरीत माणूस आत पाठवू नका. आत कुजक्या गाळाचा विषारी वायू असू शकतो. मोरी साफ करायला बाहेरून बांबू, दोर आणि पाण्याचा जोर वापरा. लांब हाताच्या मशीनवर विजेची तार आहे का ते काम सुरू होण्याआधी पाहा, चालकाचं लक्ष बादलीकडे असतं. गाळात कोणी कमरेपर्यंत रुतला तर त्याला हात धरून ओढू नका. फळ्या टाका, त्याला मागे रेलून पाय एकेक करून सोडवू द्या.

पैसे सगळ्या कामाला पुरणार नसतील तर क्रम असा ठेवा. आधी काठावरचा जुना ढीग उचला. मग चरातल्या पायऱ्या बंद करा, चर साफ करा, तोंडाशी गाळाचा खड्डा करा. तळं यंदा तसंच राहिलं तरी चालेल. उलट केलंत, म्हणजे तळं उपसलं आणि चर तसाच ठेवला, तर तळ्याची नवी खोली पहिल्या दोन पावसाळ्यांतच भरायला लागेल. तळ्याच्या कडेने पाच-सात मीटरची गवताची पट्टी आणि गुरांसाठी दगड बसवलेली एकच उतरण, ही दोन स्वस्त कामं मात्र पहिल्याच वर्षी उरका. गुरं चहूबाजूंनी उतरतात तिथे काठ तुडवून तुडवून पाण्यात जातो. उतरण उभी १, आडवी ७ इतकी सौम्य असावी.

काम झाल्यावर पहिलं भरलेलं तळं नीट पाहा. भरावाच्या बाहेरच्या पायथ्याशी थोडं स्वच्छ पाणी झिरपत असेल तर खूण करून ठेवा आणि रोज बघा. ते गढूळ येऊ लागलं तर आतून माती वाहतेय. पातळी सावकाश उतरवायला घ्या, खालच्या लोकांना कळवा आणि जाणकार अभियंत्याला त्याच दिवशी बोलवा.

पुढचं नेमकं सांगायला मला चार गोष्टी लागतील: तीस जागांच्या गाळाच्या जाडीचा तक्ता, पिंपाच्या परीक्षेतले आठवड्याचे आकडे, चरातल्या मोऱ्यांचे व्यास आणि त्यांच्या तळांची पातळी, आणि जुना ढीग काठापासून किती अंतरावर आहे ते. त्यावरून खड्ड्याचं माप आणि फेऱ्यांचा आकडा पक्का करता येईल.